एकीपुरती निष्ठा

कॉलेजातला एक नामांकित खेळाडू आहे. मैदानावर त्याच्या नावाचा गजर होतो, आणि मैदानाबाहेर त्याची ख्याती निराळ्याच कारणाने पसरलेली असते. आज हिच्याबरोबर, उद्या तिच्याबरोबर. त्याच कॉलेजात एक अभ्यासू मुलगी आहे. तिच्या मनाला नुकताच कुणीतरी मोठा घाव घातला आहे आणि पुन्हा कुणावर विश्वास टाकायचा नाही असे तिने ठरवले आहे. या दोघांची गाठ पडते. आधी कुरबूर, मग सोबत, मग जिव्हाळा, आणि अखेर हा भ्रमर एका फुलावर स्थिरावतो. तिचे दुःख निवते, त्याची चंचलता संपते, आणि वाचक पुस्तक मिटून सुखाने झोपी जातो.

ही कथा आज जगभर लिहिली जाते, वाचली जाते. तिच्या वाङ्मयीन योग्यतेचा विचार येथे करावयाचा नाही. प्रश्न नीतीचा आहे. या सुखान्ताला आपण मान डोलावतो ती नेमकी कशाला? एक मनुष्य सुधारला म्हणून, की तो आपल्या नायिकेपुरता सुधारला म्हणून? या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण सहज धरून चालतो. त्या एक नाहीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आपल्या घरांतल्या नाती मोबाइलवर जी इंग्रजी पुस्तके वाचतात त्यांपैकी एक मी मुद्दाम मागून घेऊन वाचले. एल केनेडी या कॅनडातील लेखिकेची ‘द डील’ ही २०१५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. नायक गॅरेट ग्रॅहॅम हा विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाचा कर्णधार. मैत्रिणी पुष्कळ, बांधिलकी एकीशीही नाही. हा गडी नापास होतो तो नेमका नीतिशास्त्रात! त्याला शिकवायला येते ती हॅना वेल्स. शाळकरी वयात तिच्यावर एक भीषण अत्याचार झालेला आहे आणि त्याचे ओझे ती मुकाट्याने वाहते आहे. तिने त्याला नीतिशास्त्र शिकवायचे, आणि त्याने तिच्याबरोबर हिंडून तिला आवडणाऱ्या दुसऱ्याच एका मुलाचे लक्ष तिच्याकडे वळवून द्यायचे, असा हा सौदा. पुढे काय होते ते सांगायला नको. कादंबरी हुशारीने लिहिलेली आहे आणि हॅनाच्या जखमेविषयी लेखिका थट्टा करीत नाही, हेही नमूद केले पाहिजे. नायक पुढे नीतिशास्त्रात उत्तीर्ण होतो. त्याच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न मात्र नव्हता: हॅनाच्या आधी ज्या आल्या आणि गेल्या, त्यांचे काय?

हे सगळे अमेरिकेतले, आपल्याकडचे नव्हे, असे म्हणून सुटका होण्यासारखी नाही. आपल्याकडे हीच कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि तीही आश्रमात, म्हणजे त्या काळच्या कॉलेजात सुरू होते. बृहस्पतीचा पुत्र कच शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला येतो. गुरुकन्या देवयानी त्याच्यावर अनुरक्त होते. असुर कचाला पुन्हा पुन्हा मारतात, ती बापाकडून त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करून घेते. विद्या पदरात पडल्यावर तो निघतो. मी तुझ्या पित्याच्या उदरातून बाहेर आलो, तेव्हा मी तुझा भाऊ झालो, असे त्याचे म्हणणे. तर्क बिनतोड असला तरी त्या मुलीच्या आयुष्याचे त्याने काही होत नाही. खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ नाटकातून हे प्रकरण मराठी रंगभूमीवर आणले. अशी ही भग्नहृदया देवयानी पुढे शर्मिष्ठेकडून विहिरीत ढकलली जाते, आणि शिकारीसाठी हिंडणारा एक राजा हात धरून तिला वर काढतो. तो ययाति. भोगाची हाव ज्याच्या नावाशी कायमची जोडली गेली, तोच हा.

आपल्या सरहद्दीच्या मुलखाला ययातीने विशेष ओढ लावलेली दिसते. शिरोड्याला अठरा वर्षे शिक्षकी करून पुढे कोल्हापुरात स्थायिक झालेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली, आणि १९७४ साली तिच्यासाठी त्यांना ज्ञानपीठ मिळाले. ज्यांचे बालपण आपल्याच जिल्ह्यातील शिरसीत गेले आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून जे पदवीधर झाले, त्या गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक १९६१ साली प्रसिद्ध झाले. एक साठीला पोहोचलेला मराठी कादंबरीकार आणि एक विशीतला कन्नड तरुण दोन वर्षांच्या अंतराने एकाच राजाकडे वळतात, हा निव्वळ योगायोग नसावा. कदाचित स्वातंत्र्यानंतरच्या त्या दशकात सुखोपभोगाचा प्रश्न दोघांनाही एकदम सामोरा आला असेल. असो.

खांडेकरांचा ययाति तरुणपणी अक्षरशः खेळाडूच आहे. उत्सवातल्या खेळांत बेफाम घोड्यावर मांड ठोकून तो लोकांच्या डोळ्यांत भरतो आणि जबर जखमी होतो. त्या दुखण्यात त्याची शुश्रूषा करते ती अलका, राजवाड्यातल्या दासीची मुलगी. पुढे राजमातेच्या मर्जीमुळे तिला विषाने मरावे लागते. राजपुत्र हळहळतो, व्याकुळ होतो, आणि कादंबरी पुढे सरकते. आणखी स्त्रिया येतात, देवयानी राणी होते, शर्मिष्ठा येते. खांडेकरांनी या कादंबरीत एक मोठी न्यायबुद्धी दाखवली आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतात. शर्मिष्ठेला असा स्वतंत्र आवाज देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरीही आज पुन्हा वाचताना एक उणीव खटकते. अलकेचे निवेदन त्यात नाही. तिच्याविषयी आपल्याला जे कळते ते त्याच्या आठवणीतून कळते. त्याच्या आठवणीत ती सुंदर आहे, करुण आहे. पण ती त्याची आठवण आहे, तिचे आयुष्य नव्हे.

या जातीच्या कथेचा हाच खरा पेच आहे. पूर्वीच्या मुली त्यात नायकाच्या स्वभाववर्णनाचा भाग म्हणून येतात. त्यांची संख्या सांगितली जाते, नावे क्वचितच. तो किती रंगेल होता हे त्यांच्यावरून ठरते, आणि पुढे तो किती बदलला हेही त्यांच्यावरूनच मोजले जाते. म्हणजे मोजपट्टी म्हणून त्या दोनदा वापरल्या जातात, माणूस म्हणून एकदाही नाही.

जुन्या लेखकांना हे दिसत नव्हते असे नाही. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली जे ‘शाकुंतल’ मराठी संगीत रंगभूमीवर आणले, त्याचा मूळ कर्ता कालिदास येथे आपल्याला अनपेक्षित साहाय्य करतो. पाचव्या अंकाच्या आरंभी, शकुंतला दरबारात येण्यापूर्वी, अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. आंब्याच्या मोहरावर भाळलेला भुंगा कमळात जाऊन बसला आणि मोहराला विसरला, अशा अर्थाचे. राजाला टोमणा कळतो. एकदा हिच्यावर प्रेम केले होते, असे तो सहज कबूल करतो, आणि तिची समजूत घालायला विदूषकाला पाठवतो. स्वतः जात नाही! पुढे शकुंतलेला तो ओळखत नाही, त्याचा दोष दुर्वासाच्या शापावर आहे. हंसपदिकेला मात्र कुणी शाप दिलेला नव्हता. तिला तो शापाविनाच विसरला होता. कालिदासाने ते गाणे त्याच जागी घातले यात मला त्याची केवढी तरी सावध नजर दिसते. ज्या मनुष्याची विसरण्याची सवय आपण आत्ताच कानांनी ऐकली, त्याच्या विस्मृतीबद्दल शापाला किती दोष द्यायचा ते प्रेक्षकाने ठरवावे.

इंग्रजीत सॅम्युएल रिचर्ड्‌सनने १७४० साली ‘पामेला’ लिहिली. मोलकरणीच्या मागे लागलेला धनिक तरुण तिच्या शीलापुढे नमतो, सुधारतो आणि तिच्याशी लग्न करतो. आजच्या कॉलेज-कथांची ती पणजी म्हणावी लागेल. लग्नानंतर पामेलाला कळते की नवऱ्याला पूर्वीच्या एका संबंधातून एक मुलगी आहे. त्या मुलीची आई, सॅली गॉडफ्री, लाज लपवण्यासाठी दूर जमैकाला निघून गेलेली आहे. पामेला मोठ्या मनाने त्या पोरीला जवळ घेते. वाचक पामेलाच्या थोरवीने गहिवरतो. सॅली मात्र समुद्रापलीकडेच राहते. ती तेथेच असण्यावर या घराचे स्वास्थ्य उभे आहे. पुढे त्याच रिचर्ड्‌सनने ‘क्लॅरिसा’ ही प्रचंड कादंबरी लिहिली, आणि सुधारलेला रंगेल पुरुष हाच सर्वांत चांगला नवरा होतो ही समजूत घातक आहे, असा इशारा तिच्या प्रस्तावनेत दिला. आपल्याच पहिल्या पुस्तकाने पसरवलेल्या समजुतीवर तो उतारा देत होता की काय, कोण जाणे. लोकांनी इशारा विसरून समजूत तेवढी जपून ठेवली.

येथे नायकाचा वकील उभा राहील, आणि त्याचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. तो म्हणेल, या मुलाने कुणाला वचन दिले नव्हते. त्याही सज्ञान होत्या, तोही सज्ञान होता. खेळ होता हे दोघांनाही ठाऊक होते. वचन नाही तेथे वचनभंग कसला? आणि ज्याने कुणाचे देणेच केले नाही, त्याने फेड तरी कशाची करावी? उलट, आता तो एकनिष्ठ झाला तर त्याच्या जुन्या वह्या उकरून त्याला छळणे हेच अनीतीचे.

या युक्तिवादात तथ्य आहे. जेथे खरोखरच दोघांनीही हलक्या मनाने हात धरला आणि हलक्या मनाने सोडला, तेथे तिसऱ्याने न्यायासन मांडून बसू नये. आपल्या पिढीला हे पचायला जड जाते, पण ते मान्य केले पाहिजे. तथापि असे समसमान प्रसंग या कथांत दाखवतात तितके वारंवार घडतात का? वचन केवळ शब्दांनी दिले जाते असे नाही. रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोबत येणे, सामना जिंकल्यावर गर्दीत नेमके तिच्याकडे पाहणे, तिच्या आजारी आईची चौकशी करणे, या सर्वांतून एक अपेक्षा उभी राहते. ती उभी राहते आहे हे त्याला दिसत असते. दिसत असूनही तो ती वाढू देतो, कारण त्या अपेक्षेची ऊब त्याला हवी असते. पुढे तो म्हणतो, मी तर काही बोललोच नव्हतो. हे खरे असते. आणि याच खरेपणाच्या आड तो लपलेला असतो. बोललो नाही, यात सचोटी नाही. उत्तरदायित्व टाळण्याची पूर्वतयारी आहे.

महाभारतकारांनी हा वकिली कावा फार पूर्वीच ओळखला होता. शर्मिष्ठेला मानाने वागव, पण तिला शय्येवर बोलावू नकोस, असे शुक्राचार्यांनी ययातीला बजावले होते. पुढे शर्मिष्ठाच जेव्हा त्याच्याकडे मागणे करते तेव्हा तो प्रथम उत्तम उत्तर देतो: राजा हा प्रजेचा आदर्श असतो, त्याने असत्य आचरून चालणार नाही. त्यावर ती दाखला देते की थट्टेत, विवाहाच्या बाबतीत, प्राणसंकटात वगैरे काही प्रसंगी असत्याने पाप लागत नाही. राजा पटतो. हा सारा संवाद वाचताना हसू येते, कारण अपवादांची ती यादी अजून प्रचारात आहे. मैदानावर पायचीत झाल्यावर बॅट काखेत मारून निमूट चालू लागणारा उमदा खेळाडू मैदानाबाहेर मात्र म्हणतो की प्रेमात सगळे क्षम्य असते. एका क्षेत्रात नियम आणि दुसऱ्या क्षेत्रात अपवाद, ही सोय त्याला कुणी दिली?

उत्तर अप्रिय आहे. आपण दिली. गुणी खेळाडूवर गावाचे आणि कॉलेजचे प्रेम असते, आणि त्या प्रेमाची थोर उदाहरणे आपल्यापाशी आहेत. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. असा प्राचार्य आणि असा विद्यार्थी ज्या मातीत झाला तिचा अभिमान वाटावा. पण हेच प्रेम दुसरीकडे वळले की काय होते, तेही आपण पाहिलेले आहे. हजेरी भरली नाही, चालेल. पेपर कोरा गेला, बघू. एक मुलगी रडत घरी निघून गेली, वयच असे असते. संघाची शील्ड कपाटात येते आणि त्या मुलीचे नाव कॉलेजच्या पटावरून कमी होते. शील्डचा फोटो वर्तमानपत्रात छापला जातो, दुसऱ्या घटनेची कोठे नोंद नसते.

कॅसलरॉकसारख्या गावातल्या जुन्या मराठी घरांना हा प्रश्न विशेष जाणवावा असे मला वाटते. रेल्वे, जंगल खाते, कस्टम, नाहीतर व्यापार, अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने आपले पूर्वज या घाटमाथ्यावर आले आणि राहिले. येथून मुले कॉलेजसाठी बाहेर पडतात ती बेळगाव, धारवाड, दांडेली, आता हुबळी आणि पुणेही. पावसाळ्यात चार-चार महिने सूर्य न दिसणाऱ्या गावातली मुलगी बेळगावच्या वसतिगृहात राहायला जाते, तेव्हा तिच्याबरोबर ट्रंकेत केवळ कपडे जात नाहीत. इतकी वर्षे परमुलखात जपलेल्या घराण्याचे नावही जाते. तिचे कुणाशी जमले, मोडले, हे लोंढ्याच्या फलाटावरच गावाच्या कानी येते. पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली की खानापूर-बेळगावच्या नातलगांकडून मुलीची बारीक चौकशी होते. मुलाच्या बाबतीत काय विचारतात? नोकरी काय, पगार किती, फार तर पितो का. तो कॉलेजात असताना कुणाला कसा वागवीत होता, हा प्रश्न मी तरी आजवर एकाही बैठकीत ऐकलेला नाही. एकच घटना, तिच्या बाजूने पाहिली तर चारित्र्य, त्याच्या बाजूने पाहिली तर उमेदीचे वय. सुधारलेल्या रंगेल नायकाची कथा आपल्याला इतकी सहज पटते, कारण ही दुहेरी वही आपण स्वतःच्या घरात ठेवीत आलो आहोत.

आता सुधारण्याविषयी. प्रेमाने मनुष्य बदलतो का? माझे उत्तर नकारार्थी नाही, पण ते कथाकारांपेक्षा निराळे आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सांगितले की गुण अंगी येतात ते कृतीच्या सवयीने. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. हे खेळाडूइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? बॅट धरण्याची चुकीची पकड मोडायची तर महिनेच्या महिने जाळीत घाम गाळावा लागतो, आणि तरीही कसोटीच्या क्षणी जुनी पकड परत येते. तालमीतला वस्ताद पोराचा एक डाव सुधारायला वर्ष घालवतो. अशा मनुष्याने एका संध्याकाळी एखादीचे डोळे पाहून म्हणावे की आजपासून मी बदललो, हे त्याच्या स्वतःच्याच विद्येच्या विरुद्ध आहे. फार तर तो म्हणू शकेल, आजपासून मी सरावाला उभा राहतो. ते वाक्य कमी रम्य असले तरी ते ऐकणारीला काही हाती देऊन जाते. सराव दिसतो. तो मोजता येतो. आणि त्यात चूक झाली तर ती चूक म्हणून सांगता येते.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने हे सत्य १९१९ सालीच आपल्या प्रेक्षकांसमोर रक्ताळून ठेवले. सिंधूच्या प्रेमात उणे काय होते? सुधाकराची प्रतिज्ञा खोटी होती असेही नाही. ती करताना तो मनापासून बोलत होता. पण प्रतिज्ञा हा एक क्षण असतो आणि व्यसन ही सवय असते. सिंधूचे पातिव्रत्य आपण शंभर वर्षे वाखाणले. त्या वाखाणणीत एक गोष्ट आपण तिच्या पदरात गुपचूप बांधून टाकली, ती ही की त्याला सुधारणे हे तिचे काम होते. कॉलेज-कथेतील दुखावलेल्या मुलीवरही हेच काम येते, फक्त कुंकू-बांगड्यांऐवजी तिच्या हाती पुस्तके आहेत. तिचे स्वतःचे दुःख अजून ओले आहे, आणि एवढ्यात तिला दुसऱ्याच्या स्वभावाचे औषध व्हायचे आहे. यशस्वी झाली तर ती नायिका. न झाली तर, तिचेच काहीतरी कमी पडले.

देवयानीविषयी मला म्हणूनच सहानुभूती वाटते, जरी खांडेकरांनी तिला मानी आणि कठोर रंगवले आहे. कचाने नाकारल्यावर तिला नवरा हवा होता असे नाही. तो नकार पुसून काढायचा होता. ज्याच्याकडे सगळे माना वळवून पाहतात अशा पुरुषाने आपल्याला निवडावे, म्हणजे न निवडलेपणाचा डाग जाईल. हे समजण्यासारखे आहे. पण त्यात ययाति हाही तिला पुरस्काराच्या ढालीसारखाच होता, हेही दिसते. तो कसा आहे हे तिने विचारले नाही. विहिरीतून वर काढताना त्याने उजवा हात धरला, तेव्हा पाणिग्रहण झालेच, एवढा तिचा युक्तिवाद. घाव ताजा असताना माणूस शहाणा होतो असे म्हणतात. माझा अनुभव असा की तो उतावळा होतो.

मग अशा मुलीने काय करावे? रंगेल म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलावर कधीच विश्वास ठेवू नये? तसे म्हटले तर कुणाच्याही बदलण्याला अर्थ उरणार नाही, आणि ते अन्यायाचे होईल. माझ्या मते तिने आपल्यावरचे त्याचे प्रेम तपासण्यापेक्षा पूर्वीच्या मुलींविषयीची त्याची भाषा ऐकावी. ‘त्या तशाच होत्या’ असे तो म्हणतो का? मित्र त्यांची टिंगल करतात तेव्हा तो हसतो, की गप्प बसतो, की त्यांना थांबवतो? ‘तू त्यांच्यासारखी नाहीस’ हे वाक्य कानाला फार गोड लागते, पण त्यात तिची स्तुती एक आणा आणि इतरांची निंदा पंधरा आणे असते. उद्या ती स्वतःच ‘त्यां’मध्ये गेली तर हेच वाक्य कुणा तिसरीला ऐकवले जाईल. याउलट, अमकीशी मी वाईट वागलो, तिचा दोष नव्हता, असे जो नाव न घेता पण स्पष्टपणे सांगू शकतो, त्याच्या निष्ठेला एकीपलीकडचा काही आधार आहे. त्याने दारोदार जाऊन जुन्या मुलींची क्षमा मागत हिंडावे असे मी म्हणत नाही. बऱ्या झालेल्या जखमेची खपली स्वतःच्या समाधानासाठी काढणे हाही स्वार्थच. काहींच्या बाबतीत दूर राहणे एवढीच फेड शक्य असते. पण दूर राहणे आणि विसरणे यांत हंसपदिकेच्या गाण्याएवढे अंतर आहे.

गोवा पोर्तुगीजांकडे होता त्या काळी आपले स्टेशन ही सरहद्द होती. घाट चढून आलेल्या उतारूला येथे गाठोडे सोडून दाखवावे लागे. आत काय आहे हे आधीच सांगून टाकणारा एक प्रकारचा उतारू, आणि कस्टमच्या माणसाने हात घालेपर्यंत वाट पाहणारा दुसऱ्या प्रकारचा, असे जुनी माणसे सांगत. माल कदाचित दोघांपाशी सारखाच असेल. आपल्या मुलींनी कोणत्या उतारूशी सोयरीक करावी यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे दुमत होऊ नये. आपल्या मुलग्यांना मात्र पहिल्या प्रकारचे उतारू होण्याचे शिक्षण आपण देतो का, यावर चर्चा व्हायला हरकत नाही.

कर्नाडांच्या नाटकात ययाति मुलाचे तारुण्य मागून घेतो, पुरू ते देतो, आणि दोघेही आपापल्या परीने थोर ठरण्याच्या बेतात असतात. तेवढ्यात पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा पुढे येते. या देवघेवीत तिला कुणी विचारलेलेच नव्हते. ती ययातीला असा प्रश्न विचारते की त्याला उत्तर सुचत नाही, आणि विष घेते. महाभारतात ही व्यक्तिरेखा नाही. तेविशीच्या आतबाहेरच्या त्या धारवाडी पदवीधराला ती निर्माण करावीशी वाटली. खांडेकरांच्या अलकेला जे बोलता आले नाही ते चित्रलेखा बोलते, असे मी समजतो, जरी दोघी दोन निराळ्या भाषांतल्या आहेत आणि दोघींच्या वाट्याला अखेर विषच आलेले आहे.

मूळ आदिपर्वात मात्र विष नाही, आक्रोश नाही. देवयानी एकदा राजाबरोबर उपवनात जाते. तेथे तीन देखणी मुले खेळताना दिसतात. तुमचे वडील कोण, असे ती त्यांना प्रेमाने विचारते. मुले बोट दाखवतात ते राजाकडे, आणि आई म्हणून शर्मिष्ठेचे नाव सांगतात. मग ती धावत त्याला बिलगायला येतात. देवयानी समोर आहे म्हणून राजा त्यांना जवळ घेत नाही. मुले रडत रडत आईकडे परत जातात.